हा किल्ला कोणाचा? : लहान मुलासोबत देवगड पाहताना

लहान मुलाला घेऊन किल्ला पाहायला जायचं तर दोन प्रकारची तयारी लागते. पहिली सगळ्यांना ठाऊक असते : पाणी, टोपी, खाऊ, कपड्यांचा जास्तीचा जोड. दुसरी तयारी प्रश्नांची. मोठी माणसं किल्ल्यावर फारसं काही विचारत नाहीत. पाटी वाचतात, फोटो काढतात, वारा छान आहे म्हणतात आणि उतरतात. चार-पाच वर्षांचं मूल मात्र पहिल्या पायरीपासून सुरू होतं. हा कोणाचा? तो राजा कुठे गेला? इथे पाणी कुठून प्यायचे? हे कोणी तोडलं? ऐकायला हे प्रश्न बालिश वाटतात, पण इतिहास शिकणारी माणसंही फिरून फिरून याच प्रश्नांपाशी येतात. आणि समोर मूल असलं की ‘असेल काहीतरी’ म्हणून सुटता येत नाही.

या लेखात ती दुसरी तयारी कशी करावी ते मांडायचं आहे. उदाहरण आमच्या भागातलं घेतो, कारण तेच मला नीट माहीत आहे.

जामसांवलीच्या पुढे

आमचं घर सौंसरकडचं. हा भाग आज मध्य प्रदेशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्ही, असं आमचं चालतं. कॉलेजसाठी आम्ही नागपूर गाठतो.

या भागात पाहुणे आले की त्यांना न्यायचं ठिकाण ठरलेलं असतं, ते म्हणजे जामसांवली. आम्ही घरी जामसावळी म्हणतो. इथल्या मंदिरात मारुती उभा किंवा बसलेला नाही, पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. मंगळवारी आणि शनिवारी नागपूरपासूनच्या गाड्यांची रांग लागते. दिवाळीनंतर माझी ताई, भाऊजी आणि पाच वर्षांची भाची पुण्याहून आले तेव्हा आम्हीही आधी तिथेच गेलो. भाचीला निजलेला मारुती फार आवडला. ‘तो उठल्यावर आपण परत येऊ,’ असं तिने आजीला सांगून टाकलं.

बहुतेक पाहुणे जामसांवलीहून माघारी फिरतात. आम्ही दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याच्या रस्त्याने पुढे गेलो. सिल्लेवानीचा घाट चढला की सातपुड्याचं पठार लागतं. तिथून आत, मोहखेड तालुक्यात, जंगलाने वेढलेल्या एका डोंगरावर देवगडचा किल्ला आहे. छिंदवाड्याहून तो साधारण चाळीस किलोमीटर पडतो. आंब्यांचा देवगड वेगळा, तो कोकणात, समुद्रकाठी. हा देवगड गोंड राजांची राजधानी होता, आणि ज्या नागपुरात आपण शिकतो ते शहर इथल्याच एका राजाने वसवलं.

‘शिवाजी महाराजांचा ना?’

पायथ्याशी गाडी थांबली आणि भाचीने विचारलं, “मामा, हा शिवाजी महाराजांचा ना?”

तिचं विचारणं साहजिक होतं. पुण्याकडे दिवाळीत मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर हळीव पेरतात, मावळे ठेवतात, सर्वांत वर सिंहासनावर महाराज बसवतात. सौंसरकडे ही पद्धत नाही. आमच्या लहानपणी मातीशी खेळायचा सण म्हणजे पोळा, आणि मातीचे ते बैल. त्यामुळे तिच्या डोक्यात किल्ला म्हणजे महाराजांचं घर, दुसरा अर्थच नाही. आपल्या बहुतेकांचंही थोडंफार तसंच असतं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या बारांत विदर्भातला एकही नाही, आणि आमच्या सातपुड्यातला असण्याचा प्रश्नच नाही. आमच्या इथले किल्ले वेगळ्या माणसांनी बांधले.

मी म्हणालो, “नाही. हा गोंड राजाचा.”

“गोंड कोण?”

इथेच तयारी लागते. गोंड म्हणजे मध्य भारतातला एक मोठा आदिवासी समाज. ते स्वतःला कोइतूर म्हणवतात, त्यांची भाषा गोंडी. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तकातलं एक ठरावीक चित्र येतं : जंगल, झोपडी, नाच. त्या चित्रात किल्ला, नगारखाना, हत्ती, दरबार नसतो. प्रत्यक्षात या समाजाची मोठी राज्यं होती. जबलपूरकडे गढा-मंडला, जिथली राणी दुर्गावती १५६४मध्ये मोगलांशी लढताना मरण पावली. दक्षिणेला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. आणि मधे देवगड. अकबराच्या काळात लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त इथल्या जाटबा राजाचा उल्लेख आहे. त्याच्याकडे दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचं त्यात नोंदलं आहे. दरबारी नोंदींतले आकडे फुगवलेले असू शकतात. पण दिल्ली-आग्र्याच्या कारकुनाला या डोंगरातल्या राजाचे हत्ती मोजून ठेवावेसे वाटले, एवढं तरी खरं.

हे सगळं पाच वर्षांच्या मुलीला सांगत बसलो नाही. तिला एवढंच सांगितलं, “इथे जंगलात राहणारी माणसं होती, त्यांचा राजा होता, त्याच्याकडे शंभर हत्ती होते.” तिने लगेच विचारलं, “मग हत्ती कुठे बांधायचे?” त्यावर आमचे अर्धा तास बरे गेले. सपाट जागा दिसली की, ‘इथे बांधत असतील का?’

गावात रस्त्याकडेला सात-आठ वर्षांचा एक मुलगा शेळ्या घेऊन उभा होता. बाबांनी त्याला हिंदीत विचारलं, वर जायची वाट हीच का. तो म्हणाला, “हाँ. ये हमारा किला है।” त्याने ते फुशारकीने म्हटलं नव्हतं, ‘हे आमचं शेत’ म्हणावं तसं म्हटलं. भाची बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग हळूच मला म्हणाली, “हा राजाचा मुलगा आहे?” मी म्हटलं, “राजाच्या लोकांतला आहे.” माझ्या मते त्या दिवसातला इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा धडा तोच होता. पुण्यात गोंड ही तिच्यासाठी एक गोष्ट राहिली असती. इथे तिला एक मुलगा दिसला, आणि त्याला किल्ला आपला वाटत होता.

काळ कसा सांगायचा

‘तीनशे वर्षांपूर्वी’ हे शब्द लहान मुलाला काहीच सांगत नाहीत. तिच्यासाठी ‘मागच्या दिवाळीला’ हेही फार जुनं असतं. यावर एक उपाय आहे. काळ आज्यांनी मोजायचा. एक पिढी साधारण पंचवीस वर्षांची धरली तर शंभर वर्षांत चार पिढ्या होतात. नागपूर वसलं १७०२च्या सुमारास, म्हणजे सुमारे तेरा पिढ्यांपूर्वी. किल्ल्याच्या तेरा पायऱ्या आम्ही अशाच चढलो. पहिल्या पायरीवर आई, दुसरीवर आजी, तिसरीवर आजीची आई, मग तिची आई. सातव्या पायरीनंतर तिला हसू आवरेना आणि माझ्या आईला दम लागला. तेरावीवर पोचल्यावर मी म्हटलं, “ही आजी लहान होती ना, तेव्हा नागपूर नवीन होतं.” तिला अंतर कळलं, कारण ते ती पायांनी चढली होती. मोठ्या मुलांनाही ही युक्ती चालते. जाटबाच्या काळापर्यंत जायचं तर आणखी चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात.

दाखवायचं काय

देवगडावर आज जे उरलं आहे त्यात नगारखाना, राजवाड्याचे अवशेष, मशीद, तटबंदी आणि पाण्याची टाकी ठळक आहेत. सगळं एका दिवसात मुलाला दाखवायचा हट्ट धरू नये. तीन गोष्टी पुरतात : दार, आवाज आणि पाणी.

दाराची गोष्ट जाटबाशी जोडलेली आहे. दंतकथा अशी की जाटबा कुमारी मातेच्या पोटी शेंगांच्या वेलाखाली जन्मला, आणि आई कामावर असताना नागाने फणा काढून त्याच्यावर सावली धरली. मोठा झाल्यावर तो देवगडच्या गवळी राजांकडे चाकरीला राहिला. राजवाड्याचं प्रचंड दार तो एका हाताने उचलायचा म्हणून राजांची त्याच्यावर मर्जी बसली. पुढे त्याने गवळी राजांना मारून राज्य घेतलं. शेवटचा भाग मी भाचीला सांगितला नाही. दार उचलण्याचा सांगितला, आणि मग तिने येता-जाता प्रत्येक दगड उचलून पाहिला.

नगारखाना म्हणजे दारावरची नगारे वाजवायची जागा. मुलाला तो समजावणं सोपं असतं, कारण तिच्या शाळेत घंटा असते. घड्याळं नव्हती, मोबाईल नव्हते. दिवसाचे प्रहर, राजाचं येणं-जाणं, पाहुण्यांचं स्वागत, धोक्याची सूचना, हे सगळं आवाजाने कळवायचं. म्हणून नगारखाना दारावर आणि उंचावर, म्हणजे आवाज आतही जातो आणि खाली गावातही. भाऊजींनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आम्ही वरून ऐकल्या. समजावण्याचं काम तिथेच संपलं.

पाण्यावर मात्र थोडं जास्त थांबावं. मुलासाठीही आणि आपल्यासाठीही. किल्ले लढाईने पडतात असं आपल्याला वाटतं. पण वेढ्यात सापडलेला किल्ला तहानेनेही पडतो. डोंगरावर नदी नसते. जून ते सप्टेंबर पडणारा पाऊस उरलेले आठ महिने पुरवायचा असतो. त्यासाठी टाकं लागतं. देवगडावरच्या टाक्याचं नाव मोती टाकं. ते कधी आटत नाही असं गावात सांगतात.

इथे एक सोपा हिशेब करून पाहता येतो. एका माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला निदान पाच लिटर पाणी धरा. गडावर शंभर माणसं असतील तर दिवसाला ५०० लिटर. आठ महिने म्हणजे २४० दिवस. एकूण १,२०,००० लिटर. एवढं पाणी मावायला दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकं लागतं. यात अंघोळ नाही, घोडे नाहीत, हत्ती तर मुळीच नाहीत, आणि उन्हाळ्यात वाफ होऊन उडणारं पाणीही धरलेलं नाही. म्हणजे किल्ल्यावर किती माणसं राहू शकतील हे राजा ठरवत नसे, टाकं ठरवत असे. भाचीला मी तिची बाटली दाखवली. “अशा पाच बाटल्या एका माणसाला रोज.” तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी किती उरलंय ते लगेच पाहिलं.

खाली देवगडच्या परिसरात बावड्या आहेत. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. इथे ‘आठशे विहिरी, नऊशे बावड्या’ अशी म्हणच आहे. अलीकडच्या वर्षांत त्यांतल्या काही बावड्यांचा गाळ काढून मनरेगातून दुरुस्ती झाली. साध्या विहिरीत आणि बावडीत फरक हा की विहिरीत पोहरा पाण्यापाशी जातो, बावडीत माणूस जातो. पावसाळ्यात पाणी वरच्या पायरीला लागतं, उन्हाळ्यात खाली सरकतं, आणि माणूस तेवढ्या पायऱ्या जास्त उतरतो. पाणी किती उरलं आहे हे सगळ्या गावाला रोज डोळ्यांनी दिसतं. आपल्या नळाला ते दिसत नाही.

भुयार आणि नदी

देवगडहून नागपूरला जाणारं गुप्त भुयार आहे, ही कथा तुम्हाला या भागात कोणीही सांगेल. आमच्या घरी ती मी आजोबांकडून ऐकली होती. भाचीला ती भाऊजींनी सांगितली, आणि तिने तिथेच भुयार शोधायला सुरुवात केली.

अशा वेळी काय करावं? ‘असं काही नसतं’ म्हणून गोष्ट मोडायची, की खरी म्हणून चालू ठेवायची? मला वाटतं, दोन्हीची गरज नाही. मुलांना गोष्ट आणि माहिती वेगळी करता येते, फक्त आपण कोणती सांगतो आहोत ते आधी सांगायला हवं. मी तिला म्हटलं, “ही गोष्ट आहे. आता खरं काय असेल ते आपण मोजू.” देवगड ते नागपूर सरळ रेषेतही पाऊणशे किलोमीटरांहून जास्त आहे. मधे घाट, नद्या, कठीण खडक. वाटेत श्वास घ्यायला हवा कुठून येणार, दिवे किती लागणार, खोदलेली माती कुठे टाकणार? मातीच्या प्रश्नावर ती अडली. पुण्याला त्यांच्या सोसायटीसमोर मेट्रोचं काम तिने पाहिलं होतं. “मग मातीचा मोठ्ठा डोंगर झाला असता,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, “हाच तो डोंगर असेल.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिला मी दुसरी, खरी वाट सांगितली. सातपुड्याच्या याच डोंगरांतून कन्हान नदी येते. जामसांवलीकडची जाम नदी तिलाच मिळते. पुढे कन्हान नागपूरजवळून जाते आणि तिचं पाणी नागपूरच्या नळांना येतं. भुयार नसलं तरी या डोंगरांवर पडलेला पाऊस नागपुरात पोचतो, तोही रोज. तुम्ही नागपुरात शिकत असाल तर त्या पाण्याचे काही घोट तुमच्याही पोटात गेलेले आहेत.

राजा कुठे गेला?

हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो टाळू नये.

देवगडच्या राजांपैकी सर्वांत प्रसिद्ध बख्त बुलंद शहा. गादीच्या भांडणात मदत मागायला तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि ‘बख्त बुलंद’, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव घेतलं. गडावर मशीद का आहे, याचं उत्तर यातच आहे. पुढे त्याचं बादशहाशी बिघडलं आणि तो मोगलांविरुद्ध लढलाही. १७०२च्या सुमारास त्याने नाग नदीकाठच्या बारा छोट्या वस्त्या एकत्र करून शहर वसवलं. त्या वस्त्यांना राजापूर बारसा म्हणत. तेच नागपूर. त्याच्यानंतर चांद सुलतानने राजधानी देवगडहून नागपूरला हलवली, शहराला कोट बांधला आणि तलाव केला. जुम्मा तलाव, आपण ज्याला शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो तो.

राजधानी हलली तेव्हाच देवगड ओस पडायला लागला. कोणी तोफा लावून तो एका दिवसात पाडला नाही. माणसं खाली गेली, वर झाडं आली.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसांत भांडण झालं. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. मदत मिळाली. पण नंतर भावाभावांत पुन्हा भांडण झालं, रघूजी पुन्हा आले, आणि १७४३पासून नागपूरची सत्ता भोसल्यांच्या हाती राहिली. गोंड राजाला नाव, मान आणि नेमणूक मिळाली. राज्य मिळालं नाही. नागपूरच्या महालात गोंड राजाचा किल्ला म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. आपण तिच्या शेजारून बसने जातो.

म्हणजे ‘राजा कुठे गेला?’ याचं प्रामाणिक उत्तर असं : ‘आधी नागपूरला गेला, आणि मग आपल्या लोकांनी त्याचं राज्य घेतलं.’ मराठी घरात मराठी मुलाला हे सांगताना जीभ थोडी अडते. मोगलांनी किंवा इंग्रजांनी घेतलं असं सांगणं सोपं असतं. तरी मी सांगितलं, कारण त्या शेळ्यांवाल्या मुलाला तिने तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. भाचीने विचारलं, “मग परत नाही दिलं?” मी म्हटलं, “नाही दिलं.” ती गप्प बसली. आईने विषय बदलला, “लेकराले आधी पाणी पाज, मंग सांगजो इतिहास.” तेही बरोबर होतं.

पाच वर्षांच्या मुलाला युद्धाचे, खुनाचे तपशील सांगायची गरज नाही. पण कोणाचं काय होतं आणि ते कोणाकडे गेलं, एवढं त्याला कळतं. खेळणं हिसकावलं गेल्याचा अनुभव त्याच्याकडे असतोच.

हे कोणी लिहून ठेवलं?

साहित्य मंडळाच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट जोडतो. देवगडच्या राजांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बरंचसं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे : मोगल दरबाराने, भोसल्यांच्या काळातल्या कागदांनी, इंग्रजी गॅझेटिअरांनी. गोंडांचं स्वतःचं म्हणणं गाण्यांत आणि कथांत राहिलं. ते ऐकून लिहून घेणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत एक नाव मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्याला परिचयाचं आहे : स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आला. खडक, जीवाश्म, जुनी दगडी वर्तुळं आणि गोंडांची भाषा या सगळ्यांत त्याला रस होता. लिंगोची गोंडी कथा त्याने मिळवून लिहवून घेतली. सप्टेंबर १८६३मध्ये टाकळघाटजवळची दगडी वर्तुळं पाहून रात्री परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६मध्ये छापली. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात १८८३पासून आहे.

त्याच्या लेखनावर त्या काळाची आणि त्याच्या धर्मकार्याची छाप आहे, ती ओळखूनच ते वाचावं. पण त्याने विचारलं आणि ऐकून घेतलं. आपल्यापैकी ज्यांचं गाव सातपुड्यात आहे, ज्यांच्या वर्गात गोंडी बोलणारे मित्र आहेत, त्यांना तर टिपणं घ्यायला घोड्यावरून जायचीही गरज नाही. देवगडबद्दल त्या मुलाच्या आजीला काय माहीत आहे, हे अजून विचारता येईल.

जाणार असाल तर

थोडी व्यवहाराची माहिती.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर लहान मुलाला नेऊ नये. इथलं ऊन नागपूरच्या उन्हाचंच भावंड आहे. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण दगड शेवाळलेले असतात.

सकाळी लवकर चढावं आणि दुपारच्या आत उतरावं. मुलाच्या पायांनी चढायला आपल्या दुप्पट वेळ धरावा. खांद्यावर घेऊन घाईघाईने माथा गाठला तर मुलासाठी तो किल्ला राहत नाही, फक्त खांदा राहतो.

टाक्यांना आणि पडक्या भिंतींना सगळीकडे कठडे नाहीत. पाण्याजवळ मुलाचा हात एका ठरलेल्या माणसाने धरावा. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीच बघत नसतं. पडक्या इमारतींत मधमाश्यांची पोळी असू शकतात; तिथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर नको.

जेवण आणि पाणी सोबत न्यावं, आणि कचरा परत आणावा. सर्व काही पाहण्याचा आग्रह धरू नये. आम्ही अर्धाच गड पाहिला.

देवगडची चढण जमणार नसेल तर रामटेकजवळचं नगरधन लहान मुलांसाठी उत्तम. हा भुईकोट आहे, दुरुस्त केलेला आहे, आणि चालायला सपाट. त्या परिसरात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती. अलीकडच्या उत्खननात तिथे राणी प्रभावतीगुप्तेची मुद्रा सापडली. राज्य चालवणारी राणी दीड हजार वर्षांपूर्वी इथे होती, हे मुलींना जरूर सांगावं. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला, जिथे नोव्हेंबर १८१७मध्ये भोसले आणि इंग्रज लढले, सैन्याच्या ताब्यात आहे आणि वर्षातल्या मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतो. चिखलदऱ्याचा गाविलगड फार मोठा. तो मूल दहा-बारा वर्षांचं झाल्यावर.

आणि कुठल्याही किल्ल्यावर जा, निघण्याआधी घरी अर्धा तास काढून एका प्रश्नाचं उत्तर शोधून ठेवा : तो कोणाचा होता? मूल तेच सर्वांत आधी विचारणार आहे. पायथ्याच्या गावात कोणी भेटलं तर तोच प्रश्न त्यांनाही विचारा, आणि ते काय सांगतात ते मुलाला ऐकू द्या.